भाऊजींचं दहा वर्षांचं कार्ड

ताई, नमस्कार.

ऑक्टोबरात आम्ही पंधरा दिवस जपानला चाललोय. मी, नवरा, एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना स्टेशनांचे जिने झेपत नाहीत, म्हणून होक्काइदोत गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलं. बुकिंगही झालं. गाडी आम्ही दोघं आलटूनपालटून चालवणार. धाकट्या दिरांनी मध्यंतरी एका वेबसाइटवरून ‘आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग लायसन्स’ काढलं : प्लास्टिकचं चकचकीत कार्ड, दीडशे देशांत चालतं म्हणे, दहा वर्षं बघायला नको, तीन दिवसांत घरपोच. नवरा म्हणतो, आपणही तेच मागवू. मला ते कार्ड बघून कसंसंच वाटलं, पण का ते सांगता येईना, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. माझं लायसन्स डिसेंबरात संपतंय, त्याने काही बिघडतं का? मुलाला तिकडे स्कूटर चालवायचीय. आणि मुलगी पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी जर्मनीला शिकायला जातेय; तिचंही याच कार्डावर भागेल असं भाऊजी म्हणतात. खरं काय समजायचं?

— घरातली शंकेखोर

प्रिय शंकेखोर,

कार्ड मागवू नका. भाऊजींचं कार्ड जपानमध्ये चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे कुठेही चालणार नाही. तुम्हाला जे कसंसं वाटलं त्याला पक्कं कारण आहे. ते आता नीट सांगते, म्हणजे जेवणाच्या टेबलावर तुमची बाजू लंगडी पडायची नाही.

पण आधी तुमच्या पत्रातली एक उणीव. सासूबाईंचे गुडघे आले, मुलाचं वय आलं, कार्डाची चकाकीसुद्धा आली. एकच गोष्ट राहिली : तुमचं लायसन्स कोणत्या देशाचं आहे? आणि नवऱ्याचं? तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रावरून कळत नाही, आणि आपली माणसं तर जगभर पांगलेली. या प्रश्नात सगळं उत्तर त्या एका माहितीवर फिरतं. त्यामुळे मी दोन्ही-तिन्ही शक्यता धरून लिहितेय. तुमची कोणती ते तुम्ही ओळखा.

आता मुद्दा. ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. जगात कुठेही गाडी चालवा असं म्हणणारं लायसन्स द्यायचा अधिकार कुठल्याही सरकारला नाही, तर वेबसाइटला कुठून असणार? जी वस्तू आहे तिचं नाव ‘आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट’, आणि ते परमिट तुम्हाला गाडी चालवायचा हक्क देत नाही. हक्क तुमच्या मूळ लायसन्सने दिलेला आहे, परीक्षा तुम्ही तिथे दिलीत. परमिट म्हणजे त्या लायसन्सचं ठरावीक साच्यातलं भाषांतर, परक्या मुलखातल्या पोलिसाला आपली अक्षरं वाचता यावीत म्हणून. त्यामुळे मूळ लायसन्स जवळ नसेल, संपलेलं असेल किंवा निलंबित असेल, तर हातात परमिट असून नसल्यासारखं. पुस्तकाचा पत्ता नाही आणि अनुवाद मात्र बगलेत, अशी गत.

भाषांतर म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : ते खरं आहे याची हमी कोण देणार? ज्याने मूळ लायसन्स दिलं, त्या देशाने. म्हणून परमिट तुमच्या लायसन्सच्या देशातूनच निघतं, आणि तिथेही सरकारने ज्याला अधिकार दिलाय त्याच्याकडूनच. हा अधिकार कुणाला दिलाय ते मात्र देशागणिक बदलतं. जपानी माणसाला परमिट देतात तिथले पोलीस, जर्मनीत स्थानिक लायसन्स कार्यालय, भारतात आरटीओ, ऑस्ट्रेलियात मोटारचालकांचे क्लब. ब्रिटनमध्ये ते पूर्वी पोस्टात मिळायचं. एप्रिल २०२४ पासून ‘पे-पॉइंट’ची, म्हणजे बिलं भरायच्या यंत्रणेची, सोय असलेल्या दुकानांत मिळतं. वाणसामानासोबत परमिट घेऊन यायचं ही कल्पना मला अजून मजेशीर वाटते, पण ते अस्सल परमिट असतं, कारण त्यामागे सरकार उभं आहे. याउलट जी वेबसाइट ‘तुम्ही कुठल्याही देशाचे असा, फोटो पाठवा, पैसे भरा’ म्हणते, तिच्यामागे कोणतं सरकार असू शकेल? पाच देशांच्या लायसन्सांची हमी एकटी कशी घेईल? ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा विक्रेत्यांबद्दल लोकांना उघड सावध केलेलं आहे.

दुसरी खूण तर डोळ्यांना दिसणारी. परमिटचं रूप करारातच ठरवून दिलंय : ए-६ आकाराची, म्हणजे तळहातात मावणारी कागदी पुस्तिका, राखाडी मुखपृष्ठ, आत पांढरी पानं. प्लास्टिकचं कार्ड त्या नमुन्यात कुठेच बसत नाही. वेबसाइटवाले कधी कार्डासोबत एक पुस्तिकाही पाठवतात, तिच्यावर पृथ्वीचा गोलबिल छापलेला असतो आणि आत दहा-बारा भाषा असतात. तिने फसू नका.

आणि तिसरी खूण म्हणजे ती दहा वर्षं. इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण तुमचं जपानचं उत्तर त्याच्यातच दडलंय.

मोटारी सीमा ओलांडायला लागल्या तशी भानगड सुरू झाली. १९०९ साली पॅरिसला देशांनी पहिला करार केला, मग १९२६ साली तिथेच दुसरा. १९४९ साली जिनिव्हात नवा करार झाला आणि १९६८ साली व्हिएन्नात आणखी एक. नवा आला की जुना रद्द, असं झालं असतं तर हे सदर दोन ओळींत संपलं असतं. पण आंतरराष्ट्रीय करार ज्याने मान्य केला त्यालाच लागू. काही देश १९४९ वरच थांबले, काहींनी १९६८ चा स्वीकारला, काही दोन्हींत आहेत, काही कशातच नाहीत. १९२६ चं परमिट आता क्वचितच कुणाला लागतं, ते सोडून द्या. उरले दोन साचे. १९४९ च्या साच्यातलं परमिट काढल्या तारखेपासून एक वर्ष चालतं. १९६८ च्या साच्यातलं जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढंच. म्हणजे एक किंवा तीन. दहा हा आकडा कुठल्याच करारात नाही. भाऊजींना एवढंच विचारा की दहा वर्षं कोणत्या कराराखाली, आणि गप्प बसून उत्तराची वाट बघा.

आता जपान. जपानने १९४९ चा करार मानलाय, १९६८ चा नाही. त्यामुळे तिथे फक्त १९४९ च्या साच्यातलं परमिट चालतं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर कराराची तारीख छापलेली असते : १९ सप्टेंबर १९४९ ही जिनिव्हाची, ८ नोव्हेंबर १९६८ ही व्हिएन्नाची. परमिट हातात पडल्यावर सगळ्यात आधी ती ओळ वाचा. फोटो कसा आलाय ते नंतर बघा, तो तसाही कधी चांगला येत नाही.

तुमचं लायसन्स भारताचं, अमेरिकेचं, ऑस्ट्रेलियाचं असेल तर तुम्हाला १९४९ चंच परमिट मिळतं. काम सरळ आहे. ब्रिटनचं असेल तर तिथे वेगवेगळ्या साच्यांची परमिटं देतात, तेव्हा काउंटरवर ‘जपानला जायचंय’ असं स्पष्ट सांगून १९४९ चं मागा. कुठलं तरी एक घेऊन आलात तर नेमकं दुसरं हातात पडायचं. आणि लायसन्स जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम किंवा तैवानचं असेल तर गोष्ट पार वेगळी. तिथलं परमिट जपानला चालतच नाही, पण जपानचा त्यांच्याशी निराळा समझोता आहे : मूळ लायसन्स आणि त्याचं अधिकृत जपानी भाषांतर, एवढ्यावर गाडी चालवता येते. हे भाषांतर जपान ऑटोमोबाइल फेडरेशन करून देतं, ‘जाफ’ म्हणतात त्याला. शेजारच्या दुभाष्याकडून किंवा मोबाइलवर करून घेतलेलं भाषांतर तिथे कागदाचा चिटोराच समजा. आणि ज्या देशाचं ना १९४९ शी नातं ना हा समझोता, तिथलं लायसन्स असेल तर जपानमध्ये स्टिअरिंगला हात लावू नका. नवऱ्याचं चालत असेल तर त्यालाच चालवू द्या.

म्हणूनच सुरुवातीला दोघांचं वेगवेगळं विचारलं. नवरा-बायकोची लायसन्सं दोन देशांची असणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. नोकरी, लग्न, स्थलांतर, काहीही कारण असो. तसं असेल तर एकाच गाडीतल्या दोन चालकांना दोन वेगवेगळे कागद लागतील. एकाचं परमिट दुसऱ्याला चालत नाही हे सांगायला नको, पण सांगते, कारण ‘गाडी तर एकच आहे ना’ असं विचारणारं पत्र मला आलेलं आहे.

जपान हे कडक उदाहरण आहे, पण एकमेव नाही. व्हिएतनाममध्ये नेमकं उलटं : तिथे १९६८ चं चालतं, १९४९ चं नाही. चीन दोन्ही करारांबाहेर आहे. मुख्य भूमीवर कुठलंच परमिट चालत नाही, तिथलं तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं. उलट ब्रिटनमध्ये फिरायला आलेल्या माणसाला त्याच्या देशाच्या वैध लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, परमिटची सक्ती नाही. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत वेगळे. म्हणजे ‘परमिट कुठे मिळतं’ हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा : माझ्या लायसन्सचा देश आणि मी जातेय तो देश, या दोघांमध्ये काय ठरलंय? उत्तर जाणार त्या देशाच्या वकिलातीकडे, पोलिसांकडे किंवा वाहतूक खात्याकडे असतं. कोणत्या देशाने कोणता करार मानलाय त्याची यादी संयुक्त राष्ट्रांच्या करार-संग्रहात सगळ्यांना खुली आहे. प्रवासाच्या गप्पा मारणारे व्हिडिओ त्यासाठी बघू नका. सांगणाऱ्याचं लायसन्स कुठलं ते तो सहसा सांगतच नाही. तुमच्यासारखंच.

आता एक युक्तिवाद तुमच्या घरात नक्की निघणार : ‘माझा मित्र इटलीत आठवडाभर फिरला, कुणी काही विचारलं नाही.’ विचारलं नसेल. इटलीत युरोपीय संघाबाहेरचं लायसन्स असेल तर सोबत परमिट किंवा शपथेवर केलेलं भाषांतर लागतं, तरी कित्येक काउंटरांवर ते न बघता किल्ली देतात. गाडी भाड्याने देणाऱ्याचा धंदा गाडी देणं हा आहे. त्याने किल्ली दिली म्हणजे कायद्याने परवानगी दिली असं होत नाही. प्रश्न येतो तो रस्त्यावर पोलिसाने हात दाखवल्यावर, आणि त्याहून वाईट म्हणजे कुठे धडक झाल्यावर. विम्याच्या कागदात ‘चालकाकडे त्या देशात वैध परवाना असावा’ अशी एक साधी ओळ असते. एरवी ती कुणी वाचत नाही. नुकसानीचा दावा आला की विमा कंपनी मात्र पहिल्यांदा तीच वाचते. तुम्ही जादा पैसे भरून पूर्ण विमा घेतलेला असतो, आणि तो नेमका त्या ओळीवर अडकतो.

जपानमध्ये मात्र काउंटरवरच अडवतात, आणि ते एका परीने बरंच म्हणायचं. परमिटची मूळ कागदी पुस्तिका, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही समोर ठेवावे लागतात. फोटोकॉपी नाही, मोबाइलमधला फोटो नाही. यातलं एक विसरलं की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका देशात, मी परमिट मिरवत काउंटरवर गेले आणि मूळ लायसन्स घरच्या कपाटात. ‘परमिट काढलंय तर लायसन्स कशाला न्यायचं’ ही माझीच अक्कल. काउंटरवरची मुलगी अत्यंत गोड हसली आणि अत्यंत गोड आवाजात नाही म्हणाली. दोन बॅगांवर बसून पुढच्या बसची वाट बघताना परमिट आणि लायसन्स यांतला फरक मला जितका कळला, तितका कुठल्याही माहितीपत्रकाने कळला नसता.

समजा काउंटरवरून भाऊजींचं कार्ड कसंबसं निसटलं, तर पुढे काय? जपानच्या कायद्यात त्याला विनापरवाना गाडी चालवणं म्हणतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. इतकंच नाही. चालकाकडे परवाना नाही हे माहीत असून ज्याने त्याला गाडी दिली तोही दोषी, आणि माहीत असून ‘मला सोडा’ म्हणत जो शेजारी बसला त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. तुम्हाला आता माहीत झालंय. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचं डिसेंबरात संपणारं लायसन्स. ऑक्टोबरात ते जिवंत असेल, म्हणून काही बिघडणार नाही असं वाटतं. तरी माझा सल्ला असा की आधी लायसन्स नवं करून घ्या, मग परमिटला हात घाला. परमिटवर मूळ लायसन्सचे तपशील उतरवलेले असतात. परमिट काढल्यावर लायसन्स बदललं आणि त्याचा क्रमांक किंवा तारीख बदलली, तर दोन कागद एकमेकांशी जुळेनासे होतात. काउंटरवरचा माणूस नेमकं तेच जुळवून बघत असतो. शिवाय काही ठिकाणी मुदत संपत आलेल्या लायसन्सवर परमिटही तेवढ्याच मुदतीचं देतात. नूतनीकरणात नवं लायसन्स हातात यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात कधी नुसती पावती देतात; पावतीवर परदेशात काही होत नाही. म्हणून हे आत्ताच सुरू करा.

परमिट मात्र फार आधी काढू नका. १९४९ चं एक वर्ष काढल्या दिवसापासून मोजतात, विमानात बसल्या दिवसापासून नाही. जपान त्यावर स्वतःची एक अट घालतं : देशात उतरल्यापासून एक वर्ष किंवा परमिटची मुदत, यातलं जे आधी संपेल ते. पंधरा दिवसांच्या सहलीला याचा काही फरक पडत नाही. जाण्याच्या महिना-दीड महिना आधी काढलं तर उत्तम. काही चुकलं तर दुरुस्तीला वेळ राहतो. आणि विमान पकडायच्या आधी काढा, कारण तिकडे पोहोचल्यावर तिथलं कुठलंही कार्यालय तुम्हाला ते देणार नाही. अर्जाला काय लागतं ते तुमच्या देशाच्या अधिकृत पानावर बघा. बहुतेक ठिकाणी चालू लायसन्स, ओळखपत्र किंवा पासपोर्ट, फोटो आणि शुल्क, एवढंच असतं. परीक्षा नसते. जिथे ‘परीक्षेशिवाय मिळेल’ अशी मोठ्या अक्षरांत जाहिरात केलेली असते तिथे जरा थबकायला हवं, कारण खऱ्या परमिटलाही परीक्षा नसतेच. त्यात जाहिरात करण्यासारखं काय आहे?

एक बारीक गोष्ट, पण हिने बरेच जण अडतात. नाव. लायसन्सवर एक, पासपोर्टवर दुसरं, बुकिंगवर तिसरं. लग्नानंतरचं आडनाव एकात बदललं, दुसऱ्यात राहिलं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकात पूर्ण, दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर. तुम्ही लायसन्स नवं करणारच आहात, तर त्याच वेळी ते पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आणि भाडेकरारात दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. ज्याचं नाव करारात नाही तो चालवत असताना काही झालं, तर खरंखुरं परमिटही त्याला वाचवत नाही.

आता चिरंजीव. एकोणीस वर्षं म्हणजे वयाची अडचण नाही, जपानमध्ये अठराला लायसन्स मिळतं. अडचण वर्गाची आहे. परमिटच्या शेवटच्या पानावर वाहनांचे वर्ग छापलेले असतात : ‘ए’ म्हणजे दुचाकी, ‘बी’ म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची, चालक सोडून आठ जागांची गाडी, मग ‘सी’ मालवाहू, ‘डी’ प्रवासी, ‘ई’ ट्रेलर. जो वर्ग तुमच्या मूळ लायसन्सवर आहे तेवढ्यासमोरच शिक्का बसतो. मुलाकडे फक्त चारचाकीचं लायसन्स असेल तर त्याच्या परमिटवर ‘ए’ समोरची जागा कोरी राहील, आणि स्कूटर कितीही लहान असली तरी त्याने चालवायची नाही. थायलंडसारख्या देशांत पर्यटक याच्यावरच सगळ्यात जास्त फसतात. दुकानदार पासपोर्टची प्रत घेतो, स्कूटर देतो, वर्गबिर्ग विचारत नाही. मग घसरून हात मोडला की प्रवासविमा विचारतो : दुचाकीचं लायसन्स आहे का? रुग्णालयाचं बिल हातात घेऊन तेव्हा बसायला लागतं. मुलाला खरंच हौस असेल तर त्याने आपल्या देशात दुचाकीची रीतसर परीक्षा देऊन वर्ग वाढवून घ्यावा, आणि मग परमिट काढावं. ऑक्टोबरपर्यंत जमत असेल तर जमवा, नाहीतर यंदा त्याने मागच्या सीटवर बसून नकाशा बघावा. तेही काम लागतंच.

मुलीचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा आहे, आणि भाऊजींनी तो सहलीच्या टोपलीत टाकला ही त्यांची सगळ्यात मोठी चूक. परमिट पाहुण्यांसाठी असतं. माणूस तिथे राहायला गेला की पाहुणा राहत नाही. व्हिएन्ना करारातच देशांना तशी मुभा आहे : जो आपल्याकडे राहायला आला, त्याचं परकं लायसन्स मानायची सक्ती नाही. दोन वर्षं शिकायला गेलेली मुलगी तिथे नाव नोंदवून घर करून राहणार, म्हणजे ती रहिवासी झाली. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरचं लायसन्स रहिवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतं. मुक्काम एकूण वर्षभराच्या आतच संपणार असं सिद्ध केलं तर ही मुदत वाढवून मिळू शकते; तुमच्या मुलीची दोन वर्षं असल्याने ती सवलत तिला लागू नाही. त्या सहा महिन्यांतही, लायसन्स जर्मन भाषेत नसेल किंवा करारातल्या नमुन्याशी जुळत नसेल तर सोबत मान्य भाषांतर हवं.

सहा महिन्यांनंतर जर्मन लायसन्स. ते कसं मिळेल हे पुन्हा मूळ लायसन्सच्या देशावर. काही देशांची यादीच आहे. तिथल्यांना नुसतं बदलून मिळतं किंवा एखादी परीक्षा माफ होते. यादीबाहेरच्यांना लेखी आणि गाडी चालवून दाखवायची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांना ड्रायव्हिंग स्कूलचे जे सक्तीचे तास असतात तेवढे मात्र सुटतात. लेखी परीक्षा हलक्यात घेऊ नका म्हणावं. कुणाला प्राधान्य, कुणी थांबायचं, यावर ते अक्षरशः घाम काढतात. माझं मत विचाराल तर विद्यार्थिनीला जर्मनीतल्या शहरात गाडीची गरज पडत नाही. पण तिला हवंच असेल तर तिने पोहोचल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अर्ज टाकावा, पाचव्या महिन्यात धावपळ करू नये. आणि इकडचं मूळ लायसन्स चालू ठेवूनच तिकडे जावं, कारण बदलून घ्यायला जिवंत लायसन्स लागतं.

हे सगळीकडेच कडक होत चाललंय, बरं का. जपानमध्येही परकं लायसन्स बदलून जपानी घेण्याची सोय आहे. तिथल्या लेखी परीक्षेत पूर्वी दहा प्रश्न असायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास झाले आणि त्यातले पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. शिवाय तिथल्या रहिवासाचा दाखला हवा, म्हणजे पर्यटकांना ती वाट बंद झाली. तेव्हा ‘परमिट नाही मिळालं तर तिथेच जाऊन काढू’ असं कुणी सुचवलं तर तोही विषय तिथेच मिटवा.

परमिट तुमचं लायसन्स तिथल्या पोलिसाला वाचून दाखवतं. तिथल्या पाट्या तुम्हाला वाचून दाखवत नाही. जपानमध्ये थांबा म्हणणारी पाटी अष्टकोनी नसते, लाल उलटा त्रिकोण असतो. लाल दिव्याला डावीकडे वळायची मुभा नाही. रेल्वे फाटकापाशी गाडी येत असो नसो, पूर्ण थांबून बघूनच पुढे जायचं. होक्काइदोच्या घाटांत ऑक्टोबरच्या शेवटी बर्फही पडू शकतं, तेव्हा गाडी घेताना टायर कुठले आहेत ते विचारा. दोघांपैकी एकाने तरी निघायच्या आधी तिथल्या खुणांची उजळणी केलेली असू द्या. एक चालवेल, दुसरा ओरडेल, हे नेहमीचंच.

राहिलं भाऊजींचं कार्ड. त्याचे पैसे क्रेडिट-डेबिट कार्डाने किंवा बँकेतून भरले असतील तर त्यांनी बँकेत तक्रार करून बघावी. उशीर झाला नसेल तर परत मिळण्याची थोडी आशा असते. आपल्या पासपोर्टचा आणि लायसन्सचा फोटो त्या वेबसाइटला दिलाय हे विसरू नका म्हणावं, आणि बँकेच्या व्यवहारांवर काही महिने नजर ठेवा. कार्ड कापून टाकायचं की आठवण म्हणून ठेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण परदेशात पाकिटात ठेवून नेऊ नका असं निक्षून सांगा. खऱ्या कागदांच्या ऐवजी चुकून तेच पोलिसासमोर काढलं, तर ते काय आहे हे समजावून सांगायला लागेल, आणि तेही जपानीत.